अस्वलाचे खाते

प्रवासाला निघताना काय न्यावे, यावर आमच्या घरात कधीच मतभेद नव्हता. चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू आणि उरलेल्या जागेत कपडे. पण यंदा कॅनडातल्या मेव्हण्याने आम्हा दोघांची रॉकी पर्वतातल्या पाच दिवसांच्या बससहलीची तिकिटे काढली. बान्फ, लेक लुईस, जॅस्पर. सोबत सूचनांचे चार कागद. जुलैतही लोकरीचे कपडे हवेत, माणशी एकच बॅग, हे मी सोसले. तिसऱ्या कागदावर मात्र अडलो. राष्ट्रीय उद्यानातल्या प्राण्यांना खायला घालणे हा गुन्हा. दंड २५,००० डॉलरपर्यंत!

मी पडलो बँकेतला कारकून. हात आपोआप गुणाकाराकडे वळला. पंधरा लाखांच्या वर. एका लाडवाला!

"अहो, मुक्या जिवाला घास घातला म्हणून दंड?" ही कळवळली. आईने तर जपमाळच थांबवली. पन्नास वर्षे तिने मुंग्यांना साखर आणि कावळ्याला पोळी घातली आहे. त्या दराने तिच्याकडे काही अब्ज थकले असणार.

मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊजी, दंडाचं सोडा. अस्वलाला माणसाच्या डब्याची चव लागली की त्याची भीती मोडते. रस्त्याकडेला येऊन बसतं. उद्यानवाले लांब नेऊन सोडतात, पण फिरून आलं, कुणाच्या अंगावर गेलं, तर शेवटी मारतात. खायला घालणारा तेव्हा आपल्या गावी फोटो दाखवत असतो."

माझी झोपच उडाली. बी.कॉम.ला एकच गोष्ट पक्की शिकलो : इकडे जमा झाले की तिकडे कुणाच्या तरी नावे पडलेच पाहिजे. मग आमच्या घराण्याने इतकी वर्षे जे पुण्य जमा केले, ते कुणाच्या नावे पडले? समोरचे पान मी कधी बघितलेच नव्हते. आता हेतू चांगला होता म्हणाल, तर चुकीच्या खात्यात पैसे टाकताना माझाही हेतू चांगलाच होता. मेमो मिळायचा तो मिळालाच. आणि खरं सांगू का, अस्वलाच्या भुकेची मला कुठे पडली होती? ते जवळ यावं, फोटो निघावा, एवढीच माझी भूक. नियम आहे १०० मीटर लांब राहण्याचा. म्हणजे एकामागे एक एस.टी.च्या नऊ-दहा गाड्या!

हिने लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. मी वरून चिकटपट्टी लावत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, तुम्ही नसताना मी धाकट्याकडे जाणार. मग खिडकीतल्या कावळ्याला कोण घालील? त्याला सवय झालीय रे."

चिकटपट्टी माझ्या बोटालाच चिकटली.

शेजारच्या काकूंना रोज अर्धी पोळी टाकायला सांगितले आहे. आईला काही बोललो नाही. ही नोंद तूर्त सस्पेन्स खात्यात ठेवली आहे.