एल्विनचं उद्यान आणि आपली दळी

कर्जत-खालापूरकडच्या फार्महाऊसच्या जाहिरातींत हल्ली ठाकरवाडीही विकायला असते. धबधबा, चुलीवरची भाकरी आणि शेजारी 'अस्सल' आदिवासी. ते आहेत तसेच राहावेत, असं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना अगदी मनापासून वाटतं. याच भागात दुसरा सूरही आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं बेपत्ताच राहिली. वर यंत्रं नेण्याजोगा रस्ता नव्हता. त्यानंतर जो तो सांगू लागला, की यांना डोंगरावरून उतरवून मुख्य प्रवाहात आणल्याशिवाय इलाज नाही. शिकलेल्या माणसांत हा वाद रंगला की व्हेरियर एल्विन हे नाव निघतंच. एकाला तो आपला पूर्वज वाटतो, दुसऱ्याला आदिवासींना संग्रहालयात कोंडू पाहणारा गोरा पाद्री. मला दोघांचाही राग येतो, कारण एल्विनचं नाव घेऊन दोघेही जमिनीचा प्रश्न सफाईने टाळतात.

एल्विनची सुरुवातीची वाट सर्वांना माहीत आहे, ती झटपट सांगतो. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजी आणि धर्मशास्त्र, दोन्हींत पहिला वर्ग. अँग्लिकन दीक्षा, विक्लिफ हॉलचं उपप्राचार्यपद, पुढे बिशपपदापर्यंत सहज जाता आलं असतं. 1927 मध्ये तो पुण्यात जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात आला. ख्रिस्ती साधना भारतीय वळणाची व्हावी, हा संघाचा ध्यास. नारायण वामन टिळकांच्या मुलखात त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. इथेच त्याने ख्रिस्ती ध्यानावर पुस्तक लिहिलं, साबरमतीला गेला आणि गांधींचा झाला. 4 जानेवारी 1932 ला मणिभवनात गांधींना अटक झाली तेव्हा तो तिथेच मुक्कामाला होता. त्याच महिन्यात शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राबरोबर तो मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. (हिवाळ्यांनी परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठीत त्यांची आठवण कोणी काढत नाही, ही आपली करणी.)

श्रद्धा गेली म्हणून एल्विन पाद्रीपण सोडून मानववंशशास्त्रज्ञ झाला, असं सांगितलं जातं. घडलं ते उलट्या क्रमाने. आधी त्याने दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढण्याचा अधिकार सोडला. नागपूरच्या बिशपांशी त्याचं बिनसलं ते त्यावरून, आणि 1935 मध्ये दीक्षा परत केली ती त्यानंतर. दुसऱ्याला सुधारण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न त्याने आधी चर्चला विचारला आणि मग दारूबंदी व शाकाहार घेऊन येणाऱ्या गांधीवाद्यांनाही विचारला. 1944 मध्ये मंडल्यातल्या कॅथलिक मिशनच्या शाळांविरुद्ध मोहीम उघडणारा माणूसही हाच होता. त्याला धर्मांतराचा दलाल म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

आता ते कुप्रसिद्ध उद्यान. 1939 च्या 'द बैगा' या ग्रंथात त्याने बैगा आदिवासींसाठी एक राखीव मुलूख सुचवला आणि त्याला चक्क 'राष्ट्रीय उद्यान' म्हटलं. हे नाव त्याला आयुष्यभर नडलं. 1941 मध्ये गांधीवादी कार्यकर्ते ठक्करबाप्पांनी पुण्यातल्या व्याख्यानात अलगतेचा विचार खोडून काढला, 1943 मध्ये समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच, असं मांडलं. वाद संस्कृतीचा ठरला तो कायमचा. पण उद्यानाच्या अटी पाहा. बाहेरच्याला परवान्याशिवाय वस्ती नाही. सावकाराला लगाम. कुठल्याच धर्माच्या प्रचारकाला प्रवेश नाही. शिकार आणि मासेमारीची मोकळीक. आणि मुख्य म्हणजे बेवर, जंगल तोडून, जाळून, राखेत पेरायची शेती. वनखात्याने ती बंद करत आणली आणि 1890 मध्ये बैगा चक नावाच्या एका तुकड्यापुरती ठेवली. बैगा खंगला तो त्या बंदीने, हे एल्विनचं निदान होतं. नाच-गाणी, गोंदण हे सगळं त्याच्या लेखी बेवरवर उभं होतं.

बैगा चकसारखाच कारभार आपल्याकडेही झाला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात वनखात्याने ठाकर-कातकऱ्यांना डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी तुकडे दिले, त्या दळ्या. कसायला जमीन मिळाली, मालकी खात्याकडेच राहिली. सातबाऱ्यावर नाव असेल तर महसूल संहितेचं कलम 36-अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाताना आड येतं. जिथे नावच नाही तिथे ते कोणाला वाचवणार?

घुर्यांवर अन्याय नको. इंग्रजी कायद्याने आणि जमिनीच्या बाजाराने आदिवासींना लुबाडलं, हे त्यांनाही दिसत होतं. पण मिसळून जाणं हा त्यांचा उपाय कर्जत-खालापुरात दीडशे वर्षं आपोआपच चालू आहे. इथे कुंपण कधी नव्हतं. 1863 पासून घाटातून रेल्वे जाते, आता द्रुतगती मार्गही जातो. हे तालुके पाचव्या अनुसूचीत नाहीत, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही नाही. तरीही कातकरी कुटुंब पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातं. मुख्य प्रवाह त्यांच्या दारावरून वाहत असताना ते आतच आहेत, सगळ्यात तळाशी.

एल्विनचा खरा दोष टीकाकारांनी धरलाच नाही. उद्यान चालवणार होता एक सहृदय अधिकारी, बैगाला विचारायची सोय त्यात नव्हती. 1945 मध्ये तलासरी-उंबरगावच्या वारल्यांनी लाल बावट्याखाली वेठ झुगारली, तसा आदिवासी त्याच्या योजनेत कुठेच दिसत नाही. घरातही तेच. कोसी या राजगोंड मुलीशी त्याने 1940 मध्ये लग्न केलं, 1949 मध्ये घटस्फोट घेतला, आणि तिची बाजू त्याच्या लेखनात शोधावी लागते. ईशान्य सीमाभागासाठी लिहिलेल्या 1957 च्या 'अ फिलॉसॉफी फॉर नेफा'त उद्यान गेलं, रस्ते, शाळा, दवाखाने आले. माघार घेतली म्हणतात ती हीच. पण जमीन आणि जंगलावरचा हक्क आधी, हा क्रम तिथेही हलला नाही, आणि नेहरूंच्या आदिवासी धोरणाच्या पंचसूत्रीतही हा हक्क आला.

तेव्हा एल्विनला शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या. फक्त आधी 'द बैगा'तलं बेवरचं प्रकरण वाचा. आणि तुमच्या ग्रामसभेत 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दळीचा दावा येईल, त्या दिवशी संस्कृतीवर भाषण न करता हजर राहा आणि दाव्याच्या बाजूने हात वर करा.