मधल्या गावचा पाऊस

लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पुणे शहरात 700च्या आसपास. मधलं अंतर जेमतेम 65 किलोमीटर. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं घाटाच्या भिंतीवर चढतं, वर गार होतं आणि तिथेच मोकळं होतं. घाटमाथा ओलांडून खाली उतरताना त्याच्याकडे द्यायला फारसं उरत नाही. मावळ तालुका या उतारावर वसलेला आहे, त्यामुळे इथला पाऊस गावागणिक बदलतो. भाजे गावात भाताची लावणी उरकून माणसं घरी बसलेली असतात, तेव्हा कान्ह्याच्या खाचरांत चिखलणीपुरतं पाणी साठायची वाट बघणं चाललेलं असतं.

भाज्याची एक मुलगी तळेगावच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रोज मळवलीला, म्हणजे भाज्याच्या स्टेशनावर, लोकल धरायची. तिला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी जूनमध्येच फलकावर एक कागद लावला होता. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं, वर विद्यावेतन आणि प्रवासखर्चही मिळतो. याच कागदावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम होता, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा उपक्रम होता आणि बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राचंही नाव होतं.

कागद जूनमध्ये लावला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अकादम्यांचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी महिने आधी भरायचे असतात. तालुक्याच्या गावी मात्र ही बातमी पोचते ती मे महिन्यात, कुणाच्या तरी पुण्याच्या मावसभावाला शिष्यवृत्ती मिळाल्यावर. तोवर दार बंद झालेलं असतं. हुशारीत आमची मुलं कमी पडत नाहीत. त्यांना वेळेवर सांगणारं कुणी नसतं.

मुलीने घरी विचारलं. वडिलांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता, "दोन महिन्यांचे ते आपल्याकडून किती घेणार?" ते घेत नाहीत, देतात, हे पटायला त्यांना आठवडा लागला.

अर्जात, आपल्याला काय शोधायचं आहे ते अडीचशे शब्दांत लिहायचं असतं. तिने लिहून नेलं. त्यात जागतिक हवामानबदल होता, कृत्रिम बुद्धिमत्ता होती, मानवजातीचं भविष्य होतं. मॅडमनी दोनदा वाचलं.

"यातला तुझा प्रश्न कोणता?"

मुलगी गप्प.

"घरी पावसावरून काय बोलता तुम्ही?"

मग तिला बोलणं सुचलं. आत्या कान्ह्याला दिली आहे आणि दर आषाढात आत्याचा फोन येतो, तुमच्याकडं धो धो आन् आमच्याकडं नुसती भुरभुर. मधे स्टेशन म्हणाल तर एकच, कामशेत. मग हा पाऊस नेमका तुटतो कुठे? भाज्यातच कमी व्हायला लागतो, की कामशेतला, की त्याच्याही पुढे? आणि रोज तिथेच तुटतो का?

"हे लिही," मॅडम म्हणाल्या. "पण आधी मोज."

लोकलच्या डब्यातच गट जमला. लोणावळ्याचा एक मुलगा, मळवलीला चढणारी ही, कामशेतचा एक, कान्ह्याची आणि वडगावची एकेक मुलगी, आणि तळेगावला खुद्द मॅडम. सोळा सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नरसाळी आणली, खाली दोन लिटरच्या बाटल्या लावल्या. तोंडाचं क्षेत्रफळ होतं साधारण 201 चौरस सेंटिमीटर, म्हणजे बाटलीतलं दर 20 मिलिलिटर पाणी हा एक मिलिमीटर पाऊस. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, म्हणून यांनीही तीच वेळ धरली. त्या वेळी कुणी गाडीत असे, कुणी वर्गात, तेव्हा घरोघरी कुणीतरी नेमलं गेलं. भाज्यात हे काम आजीकडे आलं. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजपात्रावर पाणी कुठवर आलं तिथे ती खडूची खूण करी आणि नात संध्याकाळी आकडा वहीत उतरवून घेई.

"मोजून पाऊस वाढणार आहे का?" असं गावात विचारणारे होतेच. मॅडमकडे याला उत्तर होतं. सगळं मावळ जो इंद्रायणी तांदूळ पिकवतं आणि खातं, तो वडगावच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली आला. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून. त्याच्यामागे कुणीतरी हंगामामागून हंगाम ओंब्या मोजल्या, दाणे तोलले, वह्या भरल्या. तेव्हा कुठे तो वास आणि तो उतारा एका रोपात आला.

जुलैच्या एका झडीत लोणावळ्याच्या मुलाची बाटली भरून वाहिली. दोन लिटर म्हणजे 100 मिलिमीटर, आणि लोणावळ्याला एका दिवसात याहून कितीतरी जास्त कोसळतो, हे मांडणी करताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याने वहीत 100 असं लिहून टाकलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. त्याने लिहिलं: बाटली वाहिली, 100च्या वर, किती ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने काकांच्या चिक्कीच्या दुकानातून तेलाचा रिकामा डबा आणून लावला.

ऑक्टोबरात मॅडमनी मुलीला सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडायला सांगितले. आलेख देखणा उतरत होता, लोणावळ्याकडून तळेगावकडे पायऱ्यापायऱ्यांनी. ती खूश झाली. मग रोजचा पाऊस वेगवेगळा काढायला बसली आणि मध्येच अडखळली.

खरा पाऊस शहाण्यासारखा वागत नाही. एखाद्या दिवशी मळवलीपेक्षा कान्ह्यालाच जास्त पडलेला असे. एखाद्या दिवशी दोन्हीकडे कोरडं आणि मधल्या कामशेतला मात्र सर येऊन गेलेली असे. पण ज्येष्ठ-आषाढातले तीनएक आठवडे असे होते की कामशेतचा आकडा एकदाही मळवली-कान्ह्याच्या बाहेर गेला नव्हता. दोन्हींच्या बरोब्बर मध्ये, रोजच्या रोज.

ते दिवस वारीचे होते. कामशेतचा मुलगा आजोबांना घेऊन देहूपासून पंढरपूरपर्यंत चालत गेला होता.

दुसऱ्या दिवशी गाडीत तिने त्याच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "वारीला गेलास तेव्हा तुझ्याकडं कोण मोजत होतं रे?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "भावाला सांगितलं होतं. विसरला तो." थोड्या वेळाने म्हणाला, "आल्यावर बघितलं तर सगळ्यांचे रकाने भरलेले. माझाच कोरडा. लाज वाटली. मग तुझा आणि कान्ह्याचा घेतला आणि निम्मा करून टाकला. मधे तेवढाच पडला असणार ना?"

"मला काय माहीत?"

"आता कुणालाच कळणार नाही ते."

"मला कळलं की."

तिला रागच आला होता, आणि तो नुसता त्याच्यावरचा नव्हता. पाऊस तुटायची जागा मळवली आणि कान्ह्याच्या मध्येच कुठेतरी दिसत होती. भर हंगामातले ते आठवडे काढले तर तिच्या प्रश्नाच्या काळजालाच भोक पडत होतं. अर्जाला महिना उरला होता आणि गेलेला आषाढ परत मोजता येत नाही. मनात एकदा येऊनही गेलं, की राहू दे. मधे तेवढाच पडला असेलही.

दोघं मिळून मॅडमकडे गेली. मुलाने स्वतःच सांगितलं. त्याचं हे सांगणं मला या गोष्टीत सगळ्यांत मोठं वाटतं, कारण तोंड मिटून बसणं त्याला सहज शक्य होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की नसलेल्या आकड्याचा अंदाज बांधणं हा गुन्हा नव्हे. एखाद्या ठिकाणचं पर्जन्यमापक बंद पडलं तर हवामानशास्त्रज्ञही शेजारच्या ठिकाणांवरून अंदाज काढतात. पण तो अंदाज आहे असं लिहून ठेवतात आणि कसा काढला तेही लिहितात. "तू अंदाजाला मोजलेल्याचे कपडे घातलेस," त्या म्हणाल्या, "आता पुढं या वहीवरून जो कोणी काही ठरवेल, तो तुझ्यामुळं फसेल आणि त्याला ते कधी कळणारही नाही."

मग त्यांनी लोणावळ्याचीच गोष्ट सांगितली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली तिथे कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. योगावर त्यांची श्रद्धा होती, आयुष्य त्यालाच वाहिलेलं होतं. प्राणायामात शरीराला जास्त प्राणवायू मिळतो असा लोकांचा समज होता. त्यांनी उपकरणं लावून मोजलं, तर तसं दिसेना. त्यांनी ते दडपलं नाही, छापलं. प्राणायामाचं मोल दुसरीकडे शोधावं लागेल म्हणाले. आपल्या आवडीच्या गोष्टीविरुद्ध गेलेला आकडा जसाच्या तसा छापायचा, याला किती धैर्य लागतं याची कल्पना आपल्यातल्या फार थोड्यांना असते.

मुलाने वही घेतली आणि त्या एकेका आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला. समासात लिहिलं: मोजलेला नाही, शेजारच्या दोन ठिकाणांची सरासरी. खाली सही केली.

मुलीने अर्ज नव्याने लिहिला. अडीचशे शब्दांत भाजं होतं, आत्या होती, नरसाळं होतं, आणि चाळीसेक शब्द लोणावळ्याची वाहिलेली बाटली व कामशेतचे न मोजलेले दिवस यांवर गेले. कान्ह्याची मैत्रीण म्हणाली, "अगं, कमीपणा कशाला लिहितेस? जागा वाया." तिने ते शब्द ठेवले. कामशेतच्या मुलानेही वेगळा अर्ज केला.

मार्चच्या सुमारास निकाल लागला. मुलीची निवड झाली, मुलाची नाही. पुण्यातल्या एका हवामानशास्त्रज्ञांकडे तिला दोन महिन्यांचं काम मिळालं. त्यांनी पहिल्या दिवशी संगणकावरचा तक्ता बाजूला सारला आणि मूळ वही मागितली. भिजून फुगलेली पानं, आजीच्या खुणांवरून उतरवलेले आकडे, "किती ते माहीत नाही", सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. लाल गोलांवर थांबले. "हा मुलगा कुठं आहे?"

तो कामशेतला वडिलांच्या हॉटेलात गिऱ्हाईक सांभाळत होता. मे महिना म्हणजे लोणावळ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांचा हंगाम, घरात एकही हात मोकळा नसतो. शास्त्रज्ञांनी त्याला निरोप धाडला. विद्यावेतन एकीलाच आहे, पण आठवड्यातला एक दिवस येऊ शकलास तर तुझ्यासाठी काम आहे. वडील आधी कुरकुरले, मग सोमवार दिला.

काम असं होतं. ज्या दिवशी कामशेतचा पाऊस खरोखर मोजला गेला होता, ते दिवस घ्यायचे. तो आकडा झाकायचा. मळवली आणि कान्ह्याची सरासरी काढून अंदाज बांधायचा आणि मग झाकलेला आकडा उघडून किती चुकलं ते बघायचं. मुलाने वारीच्या दिवसांसाठी जे चोरून केलं होतं, तेच आता उघडपणे, दिवसामागून दिवस.

पहिल्या सोमवारी त्याची मान खाली होती. तिसऱ्या सोमवारी तो मुलीशी वाद घालत होता. संथ, सगळीकडे सारख्या पडणाऱ्या झडीत सरासरी बरी जमत होती. पण गडगडाटाच्या सरी असल्या की साफ फसत होती, कारण तसा पाऊस एका डोंगरावर कोसळतो आणि पलीकडच्या वाडीला थेंबही देत नाही. मग अंदाज कधी चालेल आणि कधी चालणार नाही, हे आधी सांगता येईल का? वाऱ्याची दिशा पाहून? ढगांची उंची पाहून? मुलीचा मूळ प्रश्न तर होताच, त्याला आता हा दुसरा येऊन चिकटला. दोन महिने त्याला पुरले नाहीत. शेवटच्या आठवड्यात शास्त्रज्ञांनी त्यांना सांगितलं की यंदाचाही पावसाळा मोजा आणि दिवाळीत वही घेऊन या.

जूनमध्ये मॅडमनी फलकावर पुन्हा कागद लावला. या वेळी खाली एक ओळ जास्त होती, की ज्यांना प्रश्न आहे पण तो मांडता येत नाही त्यांनी शनिवारी प्रयोगशाळेत यावं. लोणावळ्याला पहिल्या पावसापासूनच तेलाचा डबा लागला. कामशेतच्या मुलाने वारीला निघण्यापूर्वी धाकट्या भावाला आठवडाभर शेजारी उभं करून मोजायला लावलं.

"आणि एखाद दिवस राहिलंच तर काय लिहू?" भावाने विचारलं.

"काही लिहू नको. रेघ मार."

त्या वर्षीच्या वहीत, आषाढात, कामशेतच्या रकान्यात दोन रेघा आहेत.