कासरा कोणाच्या हातात?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी रोहिणखेडला घरी होतो. अंगणात बैलांसाठी आणलेला नवा कासरा पडला होता आणि ओसरीवर भाचा मेंदूची आकृती पाठ करत होता. तो एमबीबीएसला आहे. ‘हॅबेन्युला’ हा शब्द त्याने तीनदा घोकला. अर्थ विचारला, तर म्हणाला, “मामा, याला अर्थ नसतो. नाव आहे ते. जागा ठाऊक असली की झालं.”

हे उत्तर मला रात्रभर सलत राहिलं. शब्दकोश काढला. लॅटिनमध्ये ‘हबेना’ म्हणजे लगाम, वादी. ‘हॅबेन्युला’ हे त्याचंच लघुरूप. भाचा ज्याला अर्थ नाही म्हणत होता, तो अर्थ समोर अंगणात पडला होता.

मेंदूतल्या एका भागाला बदाम म्हणतात, एकाला समुद्रघोडा, हे अनेकांना ठाऊक असतं. अशा नावांचे मी दोन वर्ग करतो : दिसण्यावरून पडलेली आणि कामावरून पडलेली. शरीररचनेतली जुनी नावं बहुतेक पहिल्या वर्गातली. ती ठेवणाऱ्यांच्या हातात सुरी होती. जिवंत मेंदूचं काम पाहण्याचं साधन नव्हतं. पिनिअल ग्रंथीजवळ, दोन्ही बाजूंना, वाटाण्याहून लहान असा हा भाग त्यांना वादीसारखा दिसला, म्हणून त्यांनी त्याला वादी म्हटलं.

सकाळी मी भाच्याला म्हटलं, “मग मराठीत सरळ ‘कासरा’ म्हणा.” तो म्हणाला, “परिभाषेत संस्कृत ‘वल्गिका’ बसेल एखादे वेळी. कासरा कसा चालेल?” इथे माझा संताप झाला. शाळेच्या पुस्तकात मोठ्या मेंदूला प्रमस्तिष्क आणि लहान मेंदूला अनुमस्तिष्क म्हणतात. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी कागद, जमीन, दुकान आपल्या तोंडी राहिलेच. शब्द आज्ञेने रुजत नाही. रोमन माणसाला ‘हबेना’ हा रोजच्या वापरातला शब्द होता. मग आपलाच शब्द तेवढा कमी प्रतीचा का?

शिवाय हे नाव कामालाही जुळतं. २००७ साली मात्सुमोतो आणि हिकोसाका या संशोधकांनी माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बक्षीस मिळणार नाही अशी खूण दिसली की हॅबेन्युलाच्या बाहेरच्या भागातल्या पेशी उत्तेजित होत आणि बक्षिसाची चाहूल देणाऱ्या डोपामिनच्या पेशी मंदावत. मलकापूरच्या बाजारात कापसाचा एक भाव मनात धरून गेलेल्या माणसाला त्याहून कमी भाव ऐकू आला की त्याचं मन खचतं. उमेद आतून कोणी खेचून धरावी, तसं होतं. याला कासरा नाही तर काय म्हणायचं?

दुपारी बैल धुऊन आणले. थोरल्या भावाने वेसणीला नवा कासरा बांधला आणि बैल चालवून पाहिला. सरळ वाटेवर कासरा सैल होता. उतार आला तशी भावाने बोटांत एक वेढा घेतला आणि बैलाची मान जरा वर आली. मी पाहत राहिलो तो त्या बोटांकडे. कासरा आला की धरणारा हात आलाच. मेंदूत तो हात कोणाचा?

कोणाचाच नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने सतराव्या शतकात आत्म्याचं मुख्य ठाणं पिनिअल ग्रंथीत मानलं होतं, म्हणजे हॅबेन्युलाच्या अगदी शेजारी. मी कासरा म्हटलं की तो जुना गाडीवान पुन्हा गाडीवर येऊन बसतो. निराश माणसाला मग लोक म्हणतात, “मन आवर, कासरा तुझ्याच हातात आहे.” तो हातात नसतो, हेच तर त्याचं दुखणं असतं.

तेव्हा नावापुरता मी भाच्याच्या बाजूला आलो. आमच्या गावाजवळ १४३७ साली बहमनी आणि खानदेशच्या फौजांची लढाई झाली. इंग्रजी ग्रंथांत गावाचं नाव ‘रोहनखेड’ छापलेलं असतं. म्हणून काही ती लढाई दुसऱ्या गावाची होत नाही. नावाने जागा दाखवली, की नावाचं काम झालं. हॅबेन्युला हॅबेन्युलाच राहू द्या.

पण समजावणं हे वेगळं काम आहे, आणि तिथे मी हटणार नाही. डॉक्टर होणाऱ्या प्रत्येक मुलाला माझी विनंती आहे : नाव लॅटिनमध्ये घ्या, पण समोरच्या माणसाला त्याच्या अंगणातली वस्तू दाखवून सांगा. आणि ती उपमा कुठे संपते, तेही त्याच बैठकीत सांगा.