पॅकेज परत मिळतं, कारण मिळत नाही

कोड लिहिणारा नोकरी सोडून गेला, रिपॉझिटरी कुठे आहे कुणालाच माहीत नाही, पण ॲप मात्र क्लाउडवर मजेत चालू आहे. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. अशा वेळी जे चालू आहे तेच खाली उतरवायचं. एडब्ल्यूएस लॅम्डावर गेट-फंक्शन ही कमांड दिली की झिप फाइलची लिंक मिळते. ती 10 मिनिटं चालते. इलॅस्टिक बीनस्टॉकवर टाकलेल्या आवृत्त्या, कुणी पुसल्या नसतील तर, एसथ्रीच्या बकेटमध्ये पडून असतात. परवानगी असली की झालं.

पण हाती काय येतं? पायथन असेल तर बहुधा कॉमेंटसकट सगळं. जावा असेल तर बाइटकोड. डीकंपायलर लावून त्यातून वाचण्याजोगा कोड काढता येतो, पण कॉमेंट कंपाइल होतानाच गळालेल्या असतात. मिनिफाय केलेल्या जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावंसुद्धा ए, बी, सी होऊन जातात. कुणी, कधी, का बदल केला हा गिटमधला इतिहास तर सहसा पॅकेजमध्ये जातच नाही. मशीनला त्याची गरज नसते.

माणसांना असते. समजा, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारं ॲप आहे. त्यात एक अट सापडते: शिक्षणात एका वर्षाचा खंड असेल तर अर्ज नामंजूर. हा सरकारी नियम आहे? कुणा साहेबांनी फोनवर सांगितलेलं? की एका रात्रीपुरता केलेला जुगाड, जो काढायचा राहून गेला? तिन्ही शक्यतांत बाइटकोड तोच. त्या एका ओळीवर जिचा अर्ज अडला, त्या मुलीनं ‘का?’ विचारलं, तर आपल्याकडे एकच उत्तर उरतं: सिस्टिममध्ये तसंच आहे.

हेच उत्तर बँकेच्या काउंटरवर मिळालं की आपण चिडतो.

चांगला कोड स्वतःच बोलतो, असं आमच्यात म्हणतात. बोलतो, पण काय करतो एवढंच. का करतो, हे त्याला विचारून उपयोग नाही. आणि एखाद्याला नकार देणाऱ्यानं त्याचं कारण सांगितलंच पाहिजे. नकार माणसानं दिला काय किंवा त्यानं लिहिलेल्या अटीनं दिला काय, ही जबाबदारी सुटत नाही. कारण सांगता येत नसेल, तर तो निर्णय बरोबर की चूक हे तपासणारही कोण आणि कसं?

यावर एक साधा उपाय आहे. कंपाइल होताना कॉमेंट जातात, पण वापरणाऱ्याला दाखवायचा मजकूर जात नाही. तो पॅकेजमध्ये जसाच्या तसा राहतो. मग कारण तिथेच लिहावं. ‘अर्ज नामंजूर’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या नियमानुसार, कोणत्या तारखेच्या आदेशानं, तेही त्याच संदेशात द्यावं. ते त्या मुलीला आजच वाचता येईल. पुढे कधी कुणी ते पॅकेज उतरवून उघडलं, तर त्यालाही.

आणि संदेशात लिहायला कारणच सापडत नसेल, तर ती अट डिप्लॉय करू नये.