आडवं काज

शर्टाच्या पुढच्या पट्टीवरची काजं उभी असतात. गळ्यापाशी, कॉलरच्या पट्टीवरचं काज मात्र आडवं असतं. रोज सकाळी आपण ती बटणं लावतो, पण हा फरक सहसा ध्यानात येत नाही. शिंप्याकडे नव्याने कामाला लागलेल्या मुलाला तो लवकरच कळतो. गळ्यापाशी कापडाला आडवा ताण बसतो. तिथे काज उभं ठेवलं, तर मान वळवताना बटण निसटू शकतं.

या मुलाच्या वाट्याला सुरुवातीला काज-बटण येतं, तुरपाई येते, चुकलेली शिवण उसवणं येतं. मशीनवर बसायला वेळ असतो. कात्री तर त्याच्याही नंतर. गिऱ्हाईक थेट मास्तरांकडे जातं. कोपऱ्यातल्या पोराकडे कुणाचं लक्ष नसतं. पण कापड कुठे ताणतं, टाका कुठे सुटतो, हे त्याच्या बोटांना उमजू लागलेलं असतं. जो उसवतो, त्याला शिवण आतून दिसते. पुढे हाती कात्री आली की ही समज कामी येते.

घरात पहिल्या नोकरीचा विषय निघाला की आपला आवाज थोडा खाली येतो. 'आत्ता साधंच काम आहे, पुढे बढती मिळेल.' जणू हे दिवस हिशेबात धरायचेच नाहीत. वर जावंसं वाटणं चांगलंच आहे. पण उद्याच्या कामाची तयारी आजच्या कामातच होत असते; ती वेगळी अशी कुठे होत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांचंच बघा. ते ओगलेवाडीच्या कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते. १९१९ साली त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. ज्या खेड्यांतल्या मुलांसाठी ती होती, ती खेडी त्यांच्या पायाखालची होती. पुढे 'कमवा आणि शिका' म्हणताना त्यांनी हातांच्या कामाला शिक्षणाच्या शेजारी बसवलं.

मात्र ज्याचा काजावर हात बसला आहे, त्याला वर्षानुवर्षं काजाशीच बसवून ठेवणं हा अन्याय आहे. सुरुवातीचं काम शिकण्यासाठी असावं, अडवण्यासाठी नसावं. शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन कायदा ठरवू शकतो. विश्वासाने त्याच्या हाती कात्री देणं जाणत्या माणसाच्याच हातात असतं.

तुमच्या घरात, शेजारात कुणी नुकतंच कामाला लागलं असेल. पगार विचारण्याआधी त्याला त्याचं काम विचारा. ते कसं करतात, हेही विचारा. आणि तो सांगू लागला, की मध्ये न बोलता ऐका.