एवढा घोडा झालास तरी!

लहानपणी वडील दिवसातून एकदा तरी मला म्हणत, "एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही!" त्यामुळे माणूस वाढला की आधी त्याचा घोडा होतो आणि अक्कल मागाहून येते, अशी माझी समजूत होती. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, चाळिशी उलटली. घोडा झालो. अकलेची एन्ट्री अजून पेंडिंग आहे.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. आपल्याकडे सुट्टीत मुलांना मामाच्या गावाला धाडतात. तिकडे मुलांना 'समर कॅम्प'ला धाडतात. भाच्याच्या कॅम्पात पालकांनी यायचा दिवस होता आणि बहिणीला रजा नव्हती, म्हणून मामालाच धाडलं.

तिथे तो घोडा होता. माझ्या कमरेला जेमतेम लागेल एवढा. 'मिनिएचर हॉर्स' म्हणतात. अमेरिकेतल्या त्यांच्या एका संघटनेचा नियम असा, की आयाळीच्या शेवटच्या केसापाशी उंची ३४ इंचांहून जास्त भरता कामा नये. त्याहून वाढला की गेलं नोंदणीतलं नाव! वाढला म्हणून बाद. आमच्या बँकेत निदान न वाढणाऱ्याला तरी बोलणी खावी लागतात!

"अले अले, कोण आहे हे बाळ!" म्हणत मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. त्यानं मान फिरवली.

"मामा, तो बाळ नाही," भाचा म्हणाला. वय वर्षं सात. "चौदा वर्षांचा आहे तो. आधी त्याला हात हुंगू दे. आणि मागे नको उभा राहूस."

मग तळहात सपाट धरून गाजर कसं द्यायचं, ते त्यानं मला शिकवलं. घोड्याचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं. म्हणजे हा माझ्याच वयाचा गृहस्थ निघाला की! समवयस्काला मी 'अले अले' केलं होतं.

या ठेंगण्यांच्या पूर्वजांत शेटलंड पोनी आहेत. त्यांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १८४२ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला, की बायकांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी कोळशाच्या खाणीत उतरायचं नाही. फार चांगलं झालं. पण मग त्या बुटक्या बोगद्यांतून गाड्या ओढायच्या कुणी? जास्तजास्त पोनी खाली उतरवले गेले. एका लहानग्याच्या खात्यातलं ओझं काढून दुसऱ्या लहानग्याच्या खात्यात टाकलं. बेरीज तेवढीच. याला आम्ही ट्रान्स्फर एन्ट्री म्हणतो.

तेव्हा लहानपणाचा उपयोग राबवायला झाला, आता लाड करायला होतो. लाड कधीही बरेच. पण दोन्हीकडे त्या घोड्याला विचारलं कुणी? लहान दिसणाऱ्यावर आपण प्रेम करतो, ते त्याच्यावर की आपल्या मोठेपणावर? भाचा घरात सगळ्यांत धाकटा. सगळे त्याचा गालगुच्चा घेतात. कदाचित म्हणूनच त्याला हे माझ्याआधी कळलं असेल.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी काउंटरवर एक पेन्शनर आले. कमरेत वाकलेले, टोपी तेवढी काउंटरच्या वर. "काय आजोबा, सही येते ना? इथ्थे करायची हं!" हे माझं वीस वर्षांचं पाठ वाक्य ओठांवर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "बसा. आपलं काय काम होतं?"

ते बसले. माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "साहेब, माझं पेन्शन बंद झालं का हो?"