आमचं काय चुकलं?

भारतात मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम करणारा निवासी डॉक्टर बहुधा आधी एमडी झालेला असतो. त्यावर आणखी तीन वर्षं तो गुणसूत्रांचे अहवाल आणि वंशावळी वाचायला शिकतो. ओपीडीत आईबाप मात्र विचारतात, "डॉक्टर, आमचं काय चुकलं?" गरुडपुराणाकडे तयार उत्तर आहे: अमुक पापाचं फळ म्हणून पुढच्या जन्मी तमुक व्याधी. डॉक्टरनं या प्रश्नाला बगल देऊ नये, आणि ते त्याला निवासी असतानाच शिकवावं, असं माझं म्हणणं आहे. थॅलेसेमियाची वंशावळ पाहा. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचं; आजारी मूल पूर्ण काळं, वाहक अर्धा काळा. आई आणि बाप दोघंही अर्धे काळे निघाले, की सुनेच्या माहेराकडे वळलेलं बोट कागदावरच अडतं. धोका दर गरोदरपणात चारात एक. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. कर्माच्या वहीत जमाखर्च असतो, इथे वहीच नाही.

पण एवढ्यावर विज्ञान जिंकलं असं मानणं घाईचं होईल. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी एक्स गुणसूत्रावरून येते. मुलाला ते गुणसूत्र आईच देते. काही मुलांत जनुकातला बदल नव्यानंच घडतो हे खरं, पण आई वाहक निघाली तर अहवालच तिच्याकडे बोट दाखवतो. ती कारण आहे, अपराधी नाही. अपराधाला जाणीव लागते, इच्छा लागते. हा भेद प्रयोगशाळा करून देत नाही.

यावर कोणी म्हणेल, कर्म काढून घेतलंत तर माणसानं निव्वळ योगायोग सोसायचा कसा? आक्षेप वजनदार आहे. पण कर्म काढून घ्यायला सांगतंय कोण? चरकसंहितेचं शारीरस्थान बीजाच्या बिघडलेल्या भागातून त्या त्या अवयवाची विकृती सांगतं; पूर्वकर्मही त्याच ग्रंथात कारणांमध्ये आहे, आणि विमानस्थान आयुष्य केवळ दैवाच्या हवाली करत नाही. डॉक्टरनं श्रद्धेशी वाद घालू नये. त्या श्रद्धेतून एका बाईवर निकाल लावला जातो, तेवढा नाकारावा. समुपदेशकानं तटस्थ राहावं, हा दुसरा आक्षेप. ते मूल ठेवायचं की नाही या निर्णयापुरतं बरोबर आहे. पण सासूबाईंचं बोलून झालेल्या खोलीत डॉक्टरचं मौन तटस्थ राहत नाही. तोंडी परीक्षेत अहवाल वाचायला लावतातच. तो अहवाल आईला आधी एकटीला सांगशील की सगळ्यांसमोर, आणि कोणत्या शब्दांत, हेही तिथेच विचारावं.